गाडीच्या टचस्क्रीनला हॅप्टिक दिलं तर खरंच फरक पडतो का, हे टेस्ट कसं करायचं?

मुलुंडचा_मेकाट्रॉनिक्स

नमस्कार मंडळी. फायनल इयरला आहे. प्रोजेक्टचा विषय असा की गाडीच्या टचस्क्रीनला हॅप्टिक फीडबॅक दिला, म्हणजे बटण दाबलं की बोटाला टिक लागते तसलं, तर स्क्रीन वापरायला सोपी होते का. विषय पास झालाय, आता गाईड मॅडम म्हणतायत की सोपी होते म्हणजे नक्की काय होतं आणि ते तू कशाने मोजणार, सोमवारपर्यंत पानभर लिहून आण.

सेटअप सांगतो. लॅबमध्ये एक जुनं गेमिंग स्टिअरिंग आणि पेडल आहे, समोर मोठा मॉनिटर. डाव्या बाजूला दहा इंची अँड्रॉइड टॅबलेट लावलाय, त्यावर मी डमी स्क्रीन बनवलीय, एसी, गाणी, फोन, मॅप. बटण दाबलं की टॅबलेट व्हायब्रेट होतो. अर्ध्या वेळा हॅप्टिक चालू, अर्ध्या वेळा बंद. वर्गातली वीसेक मुलं बसवायची, काम पूर्ण व्हायला किती सेकंद लागले आणि चुका किती झाल्या ते मोजायचं, आणि शेवटी एसयूएसचा, म्हणजे सिस्टिम वापरायला किती सोपी वाटली ते विचारणारा, दहा प्रश्नांचा फॉर्म भरून घ्यायचा, असा प्लॅन आहे.

डोक्यात स्वीडनच्या वी बिलेगारे मासिकाची २०२२ ची टेस्ट आहे. त्यांनी ११ नव्या गाड्या आणि एक २००५ ची बटणवाली व्होल्वो व्ही७० एअरफिल्डवर ११० च्या स्पीडला पळवली, ड्रायव्हरने चार कामं करायची, टेंपरेचर वाढव, रेडिओ लाव वगैरे. व्होल्वोत सगळं १० सेकंदात म्हणजे ३०६ मीटरमध्ये झालं आणि सगळ्यात मागे राहिलेल्या एमजी मार्व्हल आरमध्ये ४४.९ सेकंद लागले, म्हणजे १३७२ मीटर. मला वाटलं हेच आपण हॅप्टिक आणि बिनाहॅप्टिक असं करू.

तर विचारायचं हे की हे बरोबर आहे का, माणसं किती लागतील, आणि खऱ्या गाडीत करावं का? काका घोडबंदरला गाडी द्यायला तयार आहेत.

---

कन्सोलकर

शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो, घोडबंदर रोडवर अजिबात नाही. कुठल्याच चालू रस्त्यावर नाही. तू ज्याला बसवणार त्याला मुद्दाम रस्त्यावरून नजर काढायला सांगणार आहेस, त्यात कोणाला काही झालं तर तू, काका आणि कॉलेज तिघंही अडकाल. सिम्युलेटरवरच कर, काही कमीपणा नाही, आम्हीपण सुरुवात तिथूनच करतो.

मी इन्फोटेनमेंटच्या, म्हणजे गाडीतल्या स्क्रीन-म्युझिक सिस्टिमच्या, टेस्टिंगमध्ये आहे, कंपनीचं नाव जाऊदे. तू सांगितलायस तसाच प्लॅन चालवलास तर निकाल आत्ताच सांगतो: मुलं म्हणतील हॅप्टिक आवडलं, एसयूएसला दोन-चार मार्क जास्त देतील, आणि सेकंदात फरक जवळजवळ दिसणार नाही. मग तू रिपोर्टमध्ये लिहिशील की यूजेबिलिटी सुधारली, आणि व्हायव्हाला कोणीतरी विचारेल की आवडली का सुधारली.

मुळात टचस्क्रीनवरच्या बटणाचे दोन त्रास आहेत आणि ते वेगळे आहेत. एक, ते सापडत नाही, कारण काच सपाट आहे, हाताला सगळीकडे सारखीच लागते. दोन, दाबलं गेलं की नाही ते कळत नाही. तुझा टॅबलेट दाबल्यानंतर थरथरतो, म्हणजे तो फक्त दुसऱ्या त्रासावरचं औषध आहे. ड्रायव्हरची नजर खाली जाते ती मुख्यतः पहिल्या त्रासामुळे, बटण शोधायला. दुसऱ्यासाठी जाते ती एक छोटी नजर असते, दाबल्यावर "लागलं का" म्हणून बघतो तेवढीच. ती छोटी नजर वाचली तरी फायदाच आहे, पण ती तुझ्या स्टॉपवॉचमध्ये पकडली जाणार नाही.

म्हणून मोजायचं काय, तर रस्त्यावरून नजर किती वेळ आणि किती वेळा हटली. अमेरिकेच्या एनएचटीएसएने, म्हणजे तिथल्या रस्ता-सुरक्षेच्या सरकारी खात्याने, २०१३ ला गाइडलाइन काढली त्यात हेच आहे. एका कामासाठी नजर एकूण १२ सेकंदांपेक्षा जास्त हटता कामा नये, एका नजरेची सरासरी २ सेकंदांच्या आत पाहिजे, आणि २ सेकंदांवरच्या लांब नजरा १५ टक्क्यांच्या आत. हा २ चा आकडा हवेतून आलेला नाही, व्हर्जिनिया टेकच्या १०० गाड्यांच्या अभ्यासात, २००६ चा रिपोर्ट आहे, २ सेकंदांपेक्षा जास्त नजर हटली की अपघात किंवा थोडक्यात वाचण्याचा धोका दुप्पट निघाला होता. ८० च्या स्पीडला २ सेकंद म्हणजे ४४ मीटर गाडी आंधळी जाते. अटल सेतूवर १०० ने असशील तर ५५.

काम पूर्ण व्हायचा वेळ अगदीच टाकाऊ नाही, पण तो फसवतो. शहाणा ड्रायव्हर एक बटण दाबतो, रस्ता बघतो, पुढची रिक्षा कुठे वळतेय ते बघतो, मग दुसरं दाबतो. त्याला २० सेकंद लागतील आणि तो सेफ आहे. घाईवाला सलग ५ सेकंद स्क्रीनमध्ये तोंड घालून काम संपवेल आणि तुझ्या टेबलमध्ये तो पहिला येईल. स्वीडनवाल्यांची टेस्ट मस्तच होती पण ती अख्ख्या गाडीची होती, मेनू किती खोल आहे, फाँट केवढा, स्क्रीन किती स्लो, सगळं त्यात मिसळलेलं. तुला एकच गोष्ट बाजूला काढून बघायचीय.

आय ट्रॅकर कॉलेजमध्ये नसेल तर टेन्शन घेऊ नको. माणसाच्या तोंडासमोर एक वेबकॅम लाव आणि नंतर व्हिडिओ फ्रेम-फ्रेम करून नजर कधी खाली गेली कधी वर आली ते लिहून काढ. कंटाळवाणं आहे, डोळे दुखतात, पण चालतं. दोघांनी वेगवेगळं लिहायचं आणि किती जुळतंय ते बघायचं, म्हणजे कोणी म्हणणार नाही की तू तुला पाहिजे तसं मोजलंस.

---

सायन_पनवेल_रोज

आपल्याला ते इंजिनिअरिंग कळत नाय पण गाडी रोज चालवतो, एअरपोर्ट, वाशी, पनवेल, कधी पुणे. तर अनुभवाचं सांगतो, पटलं तर घे.

पहिली गोष्ट, स्क्रीन आपल्याकडे डाव्या हाताला. गिअरपण डाव्या हातानेच. म्हणजे सायनच्या ट्रॅफिकमध्ये पहिला-दुसरा-पहिला करणारा हात आणि स्क्रीनवर बोट मारणारा हात एकच, आणि आपण तर उजव्या हाताचे, डाव्याने लिहितापण येत नाय. फॉरेनची टेस्ट बघशील तिथे स्टिअरिंग डावीकडे, लोक उजव्या हाताने स्क्रीन दाबतात. ते आपल्याला कसं लागू पडेल ते तूच बघ.

दुसरं, हात हवेत असतो. खड्डा आला की बोट भलतीकडे जातं, एसी कमी करायला जावं आणि रेडिओ लागतो. म्हणून मी काय करतो, अंगठा स्क्रीनच्या खालच्या कडेला टेकवतो आणि मग बोटाने दाबतो. आमच्या सगळ्यांना ती सवय झालीय, कोणी शिकवलं नाय. ज्या गाडीत स्क्रीन डॅशबोर्डमध्ये पूर्ण घुसवलेली असते आणि कड हाताला लागत नाय तिथे लय त्रास होतो.

तिसरं, पावसात पॅसेंजर भिजून बसतो, काच आतून धुरकट होते, तेव्हा डिफॉगर पटकन पाहिजे असतो आणि नेमका तेव्हाच तो दोन पानं आत असतो. बोट ओलं असेल तर स्क्रीन ऐकतपण नाय. हे व्हायब्रेशन वगैरे ठीक आहे, पण बटण जागेवर आहे का ते आधी बघा.

आणि खरं सांगू का, आमच्यासाठी स्क्रीन म्हणजे गाडीची स्क्रीन नाय, काचेजवळ लावलेला मोबाईल. ट्रिप आली की थोडे सेकंद मिळतात स्वीकारायला, नाय दाबलं की गेली दुसऱ्याला. त्याची टेस्ट घे कोणीतरी. तिथे तर मोबाईल होल्डरमध्ये, व्हायब्रेट झाला तरी हात त्याला लागलेला नसतो, कळणार कोणाला.

---

मुलुंडचा_मेकाट्रॉनिक्स

कन्सोलकर सर आणि दादा, दोघांचे आभार. डाव्या हाताचा मुद्दा रिपोर्टमध्ये टाकतोच, आमच्या लॅबमध्ये सगळे उजवे आहेत बहुतेक, विचारून घेईन.

सर, एक कळलं नाही. सापडण्यासाठी हॅप्टिक कसं वापरणार? काच तर सपाटच राहणार ना, बटणाच्या जागी बोट पोचल्याशिवाय टिक कशी देणार?

---

टच_इट_ईझी

इतकं डोकं कशाला लावता, आता सगळं व्हॉइसवर जाणार आहे. "एसी कमी कर" बोललं की झालं.

---

सायन_पनवेल_रोज

@टच_इट_ईझी मागे चार पॅसेंजर, एक फोनवर, एक रील बघतोय आवाज मोठा करून, आणि मी गाडीशी बोलू? एकदा ट्राय करून बघ भाई.

---

कन्सोलकर

@मुलुंडचा बरोबर प्रश्न विचारलास, प्रोजेक्टचा जीव तिथेच आहे.

कॅडिलॅकने २०१२ च्या सुमाराला क्यू नावाची सिस्टिम आणली, तिच्यात काचेला बोट लागलं की हलका ठोका बसायचा. ऑडीने २०१७ च्या ए८ मध्ये वेगळा रस्ता घेतला, तिथे नुसतं बोट टेकवून काही होत नाही, जरा जोर द्यायला लागतो आणि मग क्लिक येते, हातालाही आणि कानालाही. ऐकायला एवढासा फरक आहे. पण साध्या टचस्क्रीनवर बोट टेकलं की कमांड गेलीच, त्यामुळे बोट ठेवून चाचपडता येत नाही. जोर लागणाऱ्या स्क्रीनवर चाचपडता येतं. जुन्या गाडीत आपण काय करायचो, हात डॅशबोर्डवर फिरवायचा, पंख्याचा नॉब हाताला लागला, मग फिरवायचा. चाचपणं वेगळं आणि चालवणं वेगळं.

तर तू असं करू शकतोस: बोट काचेवर सरकत असताना बटणाची हद्द ओलांडली की एक बारीक टिक, आणि बटण खरंच चाललं की एक दणकट टिक. अंध लोक टॉकबॅकवर फोन असाच वापरतात, बोट फिरवत जायचं, फोन बोलून सांगतो खाली काय आहे, आणि पाहिजे ते सापडलं की डबल टॅप. तुझ्या टॅबलेटला जोर मोजणारा सेन्सर नसणार, म्हणून चालवण्यासाठी डबल टॅप ठेव. बोट उचललं की चालू, असंही करता येतं पण दादांनी सांगितलेला खड्डा तिथे आडवा येतो, हात उडाला की भलतंच बटण चालणार.

म्हणजे तुझ्या टेस्टला दोन नाही, तीन प्रकार होतात. काहीच हॅप्टिक नाही. फक्त दाबल्यावर टिक. आणि हद्दीवर बारीक टिक अधिक दाबल्यावर टिक. डबल टॅप तिन्हीकडे सारखाच ठेव, नाहीतर फरक टिकमुळे पडला की टॅपमुळे ते कळणार नाही. माझा अंदाज असा की दुसऱ्या प्रकारात दाबल्यानंतरची ती छोटी नजर कमी होईल आणि शोधायची नजर तशीच राहील, आणि तिसऱ्यात शोधायची नजर कमी व्हायला सुरुवात होईल पण वेळ वाढेल, कारण चाचपडायला वेळ लागतो. हे उलटं निघालं तरी तुझा प्रोजेक्ट चांगलाच होईल.

कामंपण निवडून घे. पंखा एक पॉइंट वाढव, टेंपरेचर दोन डिग्री खाली आण, पुढचं गाणं, ही जागेवर बसलेली कामं आहेत, तिथे हॅप्टिकला वाव आहे. स्लायडर एक नक्की ठेव, प्रत्येक डिग्रीला टिक, मोजत मोजत जाता येतं, मला वैयक्तिक वाटतं की हॅप्टिकचा सगळ्यात जास्त फायदा तिथे आहे. उलट कॉन्टॅक्ट लिस्टमधून नाव शोध, मॅपवर पत्ता टाक, ही वाचायची कामं आहेत, बोटाला कितीही गुदगुल्या केल्या तरी वाचायला डोळेच लागणार. एखादं असं काम मुद्दाम ठेव, तिथे फरक येऊ नये. आला तर समज की मोजणीत कुठेतरी गडबड आहे.

---

आकडेमोड_ताई

मी स्टॅट्स शिकवते, गाड्यांमधलं काही कळत नाही, पण वीस माणसं आणि अर्धी-अर्धी ऐकून राहवलं नाही.

अर्ध्या मुलांना हॅप्टिक आणि अर्ध्यांना नाही असं करणार नाहीस ना? माणसामाणसांत फरक इतका असतो की तुझा छोटासा परिणाम त्यात बुडून जाईल. प्रत्येकाने तिन्ही प्रकार करायचे. मग क्रमाचा प्रश्न येतो, तिसऱ्या खेपेला कोणाचाही हात बसलेलाच असतो, म्हणून क्रम फिरवायचा. तीन प्रकारांचे सहा क्रम होतात, प्रत्येक क्रमाला सारखी माणसं, म्हणजे एकूण आकडा सहाच्या पटीत घे. १८, २४, ३०, ३६ असा.

किती हवीत हे परिणाम केवढा आहे त्यावर. जोडीने तुलना करताना मध्यम परिणाम पकडायचा असेल, डी (परिणाम केवढा त्याचं माप) ०.५, तर नेहमीच्या ५ टक्के (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) आणि ८० टक्के पॉवरच्या (असलेला फरक पकडण्याची शक्यता) हिशोबाने ३४ लागतात. मोठा परिणाम असेल, ०.८, तर १५ मध्ये भागतं. तुमच्या चर्चेवरून मला तरी तो मोठा वाटत नाही. म्हणून ३६ कर. जमत नसेल तर २४ कर आणि स्पष्ट लिही की छोटा फरक आम्हाला दिसला नसता. तीन प्रकार आहेत म्हणजे तुलनापण एकापेक्षा जास्त होणार, त्याचं करेक्शन विसरू नकोस.

आणि मुख्य माप एकच ठरव, आजच, वहीत तारीख घालून लिही. एकूण नजर हटलेला वेळ, किंवा दाबल्यानंतरच्या नजरा, जे काय ते. नाहीतर होतं काय, वेळ मोजला, चुका मोजल्या, नजरा मोजल्या, फॉर्म भरला, त्यातलं एक काहीतरी योगायोगानेही ०.०५ च्या, म्हणजे त्या ५ टक्क्यांच्या, खाली येतंच आणि मुलं तेवढंच बोल्डमध्ये छापतात. दरवर्षी बघते.

वर्गातलीच मुलं घेऊ नकोस ही अजून एक विनंती. एकवीस-बावीस वर्षांच्या मुलांना काहीही द्या, दहा मिनिटांत हात बसतो. कन्सोलकरांनी ज्या गाइडलाइनचं सांगितलं ती मी मघाशी उघडून बघितली, त्यात २४ माणसं आहेत, १८ ते २४, २५ ते ३९, ४० ते ५४ आणि ५५ च्या वर, प्रत्येक गटात सहा. वय वाढलं की बोटांना बारीक थरथर जाणवणंही कमी होतं, म्हणजे ज्यांना डोळ्यांनी त्रास होतो त्यांनाच टिकपण कमी लागणार. हा भाग वर्गमित्रांमध्ये कधीच दिसणार नाही.

---

लॅमिंग्टनवाला

सगळ्यांनी माणसांचं सांगितलं, मी वस्तूचं सांगतो. टॅबलेटची स्वतःची व्हायब्रेशन मोटर वापरतोयस का? असेल तर ते बंद कर. दहा इंचाच्या टॅबलेटमध्ये असलीच तर बहुतेक ती वजन फिरवणारी जुनी मोटर असते, तिला वेग पकडायला आणि थांबायला वेळ लागतो, त्यामुळे टिक न येता घर्रर्र येतं, आणि तेपण बोट उचलल्यावर. हातात काही लागणारच नाही, मग म्हणशील हॅप्टिकचा उपयोग नाही. उपयोग नसलेली गोष्ट मोटर आहे.

ग्रँट रोडला उतर, लॅमिंग्टन रोडला एलआरए मिळतील, म्हणजे गोल फिरण्याऐवजी मागेपुढे थरथरणाऱ्या छोट्या मोटर, गोल बटणासारखे, स्वस्त असतात. सोबत ते चालवणाऱ्या डीआरव्ही२६०५एल चिपचं रेडीमेड बोर्ड घे, त्यात टिक-क्लिकचे पॅटर्न आधीच भरलेले आहेत, कुठल्याही छोट्या कंट्रोलरवरून आय-टू-सीने (दोन वायरींची जोडणी) चालतं. एलआरए टॅबलेटच्या मागे घट्ट चिकटव, आणि टॅबलेट जिथे बसवलायस तिथे मध्ये थोडा फोम किंवा रबर घाल, नाहीतर ताकद सगळी टेबल हलवण्यात जाते. टॅबलेट ते कंट्रोलर यूएसबी वायरने जोड, ब्लूटूथ नको, त्याचा उशीर कधी कमी कधी जास्त असतो.

उशीर किती होतोय ते मोज. फोनचा स्लो मोशन २४० फ्रेमचा असतो, एक फ्रेम म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद. काचेवर एक हलका कागदाचा कपटा ठेव, बोट टेकलेली फ्रेम आणि कपटा उडालेली फ्रेम, मध्ये किती ते मोज. आकडा रिपोर्टमध्ये लिही, कारण उशिरा येणारी टिक ही टिक नसल्यापेक्षा वाईट, माणूस तोपर्यंत दुसऱ्यांदा दाबून मोकळा होतो.

आता खरी गोम. मोटर वाजते. टिक हाताला लागते तशी कानालाही ऐकू येते. मग तू जो फरक मोजला तो हाताचा की कानाचा? त्यासाठी माणसाला हेडफोन घाल आणि त्यात गाडीचा, रस्त्याचा आवाज सोड, टिक ऐकू येणार नाही इतका. जमत असेल तर एक चौथा प्रकारपण कर, फक्त आवाजाची टिक, हॅप्टिक नाही. कारण आवाज फुकट आहे, स्पीकर गाडीत असतोच. आवाजाने तेवढंच काम होत असेल तर कंपनी मोटरवर पैसे कशाला घालेल?

---

आकडेमोड_ताई

चौथा घेतलास तर क्रम चोवीस होतील, सगळे नको, बॅलन्स्ड लॅटिन स्क्वेअर घे, म्हणजे प्रत्येक प्रकार प्रत्येक जागी सारख्या वेळा येईल अशी मांडणी, चारच क्रम लागतात. ३६ ला चारानेही भाग जातो.

---

मुलुंडचा_मेकाट्रॉनिक्स

बापरे. एका पानाचं काम होतं 😅 पण मस्त, मॅडम खूश होतील.

रस्त्याच्या हलण्याचं काय करू मग? सिम्युलेटरची खुर्ची तर हलत नाही. मित्र म्हणतोय की बंद मैदानात खरी गाडी दुसऱ्याने चालवायची आणि टेस्टवाल्याला बाजूच्या सीटवर बसवायचं, तिथून तो स्क्रीन वापरेल.

---

कन्सोलकर

बाजूच्या सीटवरून तो उजव्या हाताने दाबणार, दादांनी सांगितलेला डावा हात गेला ना. नुसतं "हलत्या गाडीत टिक जाणवते का" एवढं तपासायला ते ठीक आहे, वापरायला सोपी होते का याचं उत्तर तिथून येणार नाही.

खुर्चीखाली बास शेकर लाव, होम थिएटरवाले सीट थरथरवायला लावतात तो. खड्ड्यांच्या रस्त्यावर फोन डॅशबोर्डला पक्का चिकटवून त्याच्या सेन्सरवर थरथर रेकॉर्ड कर आणि तीच खुर्चीला दे. खड्ड्याचा मोठा दणका शेकरला जमणार नाही, बारीक थरथर जमेल. टॅबलेटचा स्टँडपण त्याच फळीवर असू दे, फक्त खुर्ची हलली आणि स्क्रीन स्थिर राहिली तर ती गाडी नाही. बोटाची कातडी २५० हर्ट्झच्या आसपासची थरथर सगळ्यात चांगली ओळखते, आणि गाडीची मुख्य हालचाल त्याच्या बरीच खाली असते, त्यामुळे एलआरएची टिक त्यातूनही कळायला पाहिजे. पण कळायला पाहिजे आणि कळते यात फरक आहे, म्हणून तर टेस्ट.

ड्रायव्हिंगचं सॉफ्टवेअर नसेल तर ओपनडीएस बघ, फुकट आहे, त्यात लेन बदलायची टेस्ट तयार मिळते, रस्त्यात पाट्या येतात आणि सांगितलेल्या लेनमध्ये जायचं, ६० च्या स्पीडला. गाडी लेनमधून किती भरकटली हे तुला दुसरं माप म्हणून मिळेल.

आणि वेबकॅमच्या नजरा लिहायला वेळ नसेल तर एक शॉर्टकट आहे. आयएसओ १६६७३ या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये एक गॉगल वापरतात, दीड सेकंद दिसतं, दीड सेकंद अंधार, असं आलटून पालटून, आणि त्यात काम करायचं. गॉगल महाग आहे, पण तू टॅबलेटची स्क्रीनच दीड-दीड सेकंदाने काळी कर, टच आणि टिक मात्र चालू ठेव. गॉगलइतकं काटेकोर नाही कारण माणसाला स्वतःचा हात दिसत राहतो. पण अंधाराच्या दीड सेकंदात किती जण काम पुढे नेऊ शकतात ते बघ, हॅप्टिकची खरी किंमत त्यातच दिसेल.

---

डोंबिवली_फास्ट_लेन

सगळं वाचलं. माझा एकच प्रश्न, सरळ बटण का नाही देत? युरो एनसीएपीने, म्हणजे गाड्यांची सेफ्टी तपासून स्टार देणाऱ्या युरोपातल्या संस्थेने, २०२६ पासून इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि एसओएस यांना खरी बटणं नसतील तर मार्क कापायचं ठरवलंय. फोक्सवॅगनने २०२२ मध्येच सांगितलं की स्टिअरिंगवरची टचवाली बटणं काढून पुन्हा खरी देणार. अमेरिकन नेव्हीची जॉन मॅकेन युद्धनौका २०१७ ला सिंगापूरजवळ दुसऱ्या जहाजाला धडकली, चौकशीत टचस्क्रीनवरचा कंट्रोलपण कारणांमध्ये आला आणि नेव्हीने पुन्हा लिव्हर बसवायचं ठरवलं. आणि आपण इथे काचेला बटणासारखं वाटायला लावतोय. प्रोजेक्टमध्ये चौथ्याऐवजी खऱ्या बटणाचा प्रकार घाल.

---

कन्सोलकर

@डोंबिवली हे मात्र पटलं. @मुलुंडचा शेजारी एक साधा फिरणारा नॉब लाव, पंख्याचा, तेवढ्या एका कामासाठी. हॅप्टिकवाली काच बिनहॅप्टिक काचेपेक्षा चांगली निघेल की नाही ते निघेल, पण नॉबच्या किती जवळ पोचली हे सांगितलंस तर वाचणाऱ्याला आकड्याचा अर्थ लागेल. बटण का देत नाहीत म्हणशील तर प्रत्येक बटणाला साचा, वायर, टेस्टिंग, आणि मॉडेल बदललं की सगळं पुन्हा. स्क्रीन एकदाच घ्यायची आणि सॉफ्टवेअर बदलत राहायचं. पैसे, बाकी काही नाही.

---

मुलुंडचा_मेकाट्रॉनिक्स

ठरलं. काच साधी, दाबल्यावर टिक, हद्दीची टिक अधिक दाबल्यावर टिक, आणि फक्त आवाज, असे चार. नॉब फक्त पंख्याच्या कामाला, वेगळा. मुख्य माप दाबल्यानंतर दोन सेकंदांच्या आत स्क्रीनवर गेलेल्या नजरा. शनिवारी लॅमिंग्टन रोड. आधी चार-पाच जणांवर पायलट करतो.

५५ च्या वरचे ड्रायव्हर कुठून आणू पण?

---

आकडेमोड_ताई

पायलटमधली माणसं मुख्य टेस्टमध्ये परत घेऊ नकोस, आणि त्यांचे आकडे त्यात मिसळू नकोस. मोहाने मिसळतात.

---

सायन_पनवेल_रोज

आमच्या स्टँडवर पाच-सहा जण आहेत साठीच्या आसपासचे, काळी-पिवळीपासून चालवणारे, विचारतो. सकाळी अकरा ते दुपारी तीन चालेल, त्याच्या आधी-नंतर एअरपोर्टचा धंदा असतो. आणि लेखी परमिशनचा कागद मराठीत आण, इंग्लिशवर कोणी सही करणार नाय.